अर्धपोकळ विद्युत बास गिटार : प्रथमानुभवाची चिकित्सा
(वर्धा जिल्ह्यातील भजनपरंपरेच्या संदर्भात)

प्रस्तावना

मराठीतील संगीतसमीक्षा प्रामुख्याने गायकाची, त्यानंतर घराण्याची आणि क्वचित वादकाची असते. वाद्य ही वस्तू स्वतः समीक्षेचा विषय होऊ शकते, ही जाणीव तीत अभावानेच आढळते. कारागिराच्या घरी मात्र ही समीक्षा रोज चाललेली असते. मिरजेचा कारागीर तंबोऱ्याची जवारी काढताना तार छेडतो, थांबतो, घोडीच्या पृष्ठभागावर हलकेच कानस फिरवतो आणि पुन्हा तार छेडतो. नाद उघडला की नाही याचा निर्णय तो शब्दांत मांडत नाही. त्याचा हात थांबला की निर्णय झालेला असतो. मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. या हस्तकौशल्याला त्यामुळे अधिकृत मान्यता लाभली. पण त्यामागील श्रवणविवेक अजूनही अलिखितच आहे.

विद्युत वाद्यांच्या बाबतीत परिस्थिती अधिक अडचणीची आहे. तेथे कारागीर समोर नसतो आणि परंपरेचा कानही नसतो. उरते ती जाहिरात. महाविद्यालयाच्या सांस्कृतिक समितीने बास गिटार खरेदी करावयाची ठरविली, तर दुकानातील पंधरा मिनिटे आणि विक्रेत्याची विशेषणे एवढ्याच आधारावर निर्णय होतो. प्रस्तुत लेखात अर्धपोकळ विद्युत बास गिटार या वाद्याच्या अशा प्रथमानुभवाची चिकित्सा केली आहे. या पहिल्या भेटीत हात जे सांगतो ते बहुतांशी खरे असते. कान जे सांगतो तेही खरेच असते, परंतु त्याचे श्रेय चुकीच्या अवयवाला दिले जाते. आणि ज्या समूहात हे वाद्य वाजावयाचे त्या समूहातील पहिली भेट, जी सर्वांत निर्णायक, ती दुकानात घडतच नाही.

‘पोकळ’ या शब्दाची अडचण

नावापासूनच पूर्वग्रहाचा आरंभ होतो. मराठीत ‘पोकळ’ हे निंदाव्यंजक विशेषण आहे. पोकळ डौल, पोकळ आश्वासन, पोकळ वल्गना. याउलट कार्य असावे ते भरीव. या भाषिक सवयीने पाहिल्यास ‘अर्धपोकळ’ वाद्य म्हणजे काहीतरी निम्मे फसलेले, अशी कल्पना होते. भारतीय संगीताचा व्यवहार मात्र नेमका उलटा आहे. तंबोऱ्याचा भोपळा, वीणेचे तुंबे, गोंधळ्याच्या तुणतुण्याचे नळकांडे, मृदंगाचे खोड ही सारी पोकळीचीच रूपे होत. वाद्यात पोकळी हेच नादाचे घर असते. त्यामुळे मराठी श्रोता या गिटारीकडे दोन परस्परविरोधी अपेक्षा घेऊन येतो. त्याच्या भाषेला ती कमअस्सल वाटते आणि त्याच्या कानाला ती आपल्या जवळची वाटते. या दोन्ही अपेक्षा पुढे तपासल्यावर अपुऱ्या ठरतात.

घडण आणि पूर्वपीठिका

बास गिटारीचा आधुनिक इतिहास भरीव देहापासून सुरू होतो. अमेरिकेत लिओ फेंडर यांनी १९५१ मध्ये बाजारात आणलेली ‘प्रिसिजन बास’ ही भरीव लाकडाची, चौतीस इंच तारलांबीची होती. तिने अवाढव्य डबल बासला पर्याय दिला. तिच्या दांडीवर पडदे असल्याने स्वर अचूक लागतो, म्हणूनच तिला ते नाव मिळाले. त्यानंतर जर्मनीतील हॉफ्नर कंपनीची व्हायोलिनच्या आकाराची, पूर्ण पोकळ ‘५००/१’ ही बास १९५६ मध्ये आली. पॉल मॅकार्टनी यांनी ती १९६१ मध्ये हॅम्बुर्गमध्ये घेतल्यामुळे ती जगप्रसिद्ध झाली. अर्धपोकळ प्रकार हा या दोहोंमधला. गिब्सन कंपनीने १९५८ मध्ये आणलेली ‘ईबी-२’ हे त्याचे पहिले ठळक उदाहरण. पातळ थरांच्या मेपल लाकडाचा, सुमारे सोळा इंच रुंद आणि जेमतेम पावणेदोन इंच जाडीचा देह, वर इंग्रजी ‘एफ’च्या आकाराची दोन छिद्रे आणि देहाच्या मध्यातून वरपासून खालपर्यंत जाणारा लाकडाचा भरीव ठोकळा, अशी तिची रचना होती. दोन्ही बाजूंना पोकळी आणि मध्ये कणा. या कण्यावरच घोडी आणि पिकअप बसविलेले असतात.

या कण्याचे प्रयोजन समजून घेणे आवश्यक आहे. पूर्ण पोकळ वाद्य मोठ्या आवाजाच्या ध्वनिवर्धकाजवळ नेले की ध्वनिक्षेपकातून येणारा आवाज त्याच्या देहाला कंपित करतो, ते कंपन तारेत उतरते, पिकअप ते पुन्हा ध्वनिवर्धकाकडे पाठवितो आणि हुंकारासारखा अनावर गजर सुरू होतो. मधल्या भरीव ठोकळ्यामुळे हा धोका कमी होतो. पूर्णपणे टळत नाही. अर्धपोकळ रचना ही अशा रीतीने एक तडजोड आहे, आणि तडजोड म्हणूनच तिचे मोल ठरविले पाहिजे. भरीव बासचा निर्धोकपणा किंवा तंबोऱ्याचा स्वयंपूर्ण नाद यांपैकी काहीही तिच्याकडून पूर्णत्वाने मागणे अन्यायाचे होईल.

भारतीय श्रोत्याला बास गिटार अपरिचित नाही; तिचे नाव तेवढे अपरिचित आहे. हिंदी चित्रपटसंगीतातील वाद्यवृंदात गोमंतकीय वादकांचा वाटा मोठा होता आणि राहुलदेव बर्मन यांच्या वाद्यवृंदातील टोनी वाझ यांची बास गिटार लक्षावधी श्रोत्यांनी ऐकली आहे. मात्र ती ‘ऐकली’ हे बहुतेकांना ठाऊक नसते. बासचे हे भागधेयच आहे: ती असते तेव्हा कोणी तिची दखल घेत नाही आणि ती थांबली की गाण्याच्या पायाखालची जमीन सरकल्यासारखे वाटते.

हाताची साक्ष

अर्धपोकळ बास प्रथम हाती घेतली की जाणवते ती तिची रुंदी. भरीव बास छातीशी पट्टीसारखी टेकते. ही मात्र उजव्या कोपराला बाहेर ढकलते आणि बसून वाजविताना मांडीवर ऐसपैस पसरते. दुसरी जाणीव वजनाची. देह हलका, पण दांडीच्या टोकाला चार जाडजूड धातूच्या खुंट्या. परिणामी पट्टा खांद्यावर घेऊन हात सोडला की दांडी जमिनीकडे झुकू लागते. तासभर उभे राहून वाजविणाऱ्या विद्यार्थ्याचा डावा हात सुरांऐवजी दांडीचा भार सांभाळण्यात गुंतला, तर त्याचा दोष त्याच्या रियाजाला देता येत नाही. हा पहिल्या मिनिटातच कळणारा आणि पुढे कधीही न बदलणारा दोष आहे. हाताची साक्ष विश्वसनीय असते ती अशी.

तिसरी जाणीव सुखद असते. ‘ईबी-२’च्या वळणाच्या बासची तारलांबी साडेतीस इंचांच्या आसपास असते. तीच तार त्याच स्वरात चौतीस इंचांवर लावली असता जो ताण लागतो, त्याच्या तुलनेत येथे सुमारे एक पंचमांश ताण कमी पडतो, कारण ताण हा लांबीच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो. तार बोटाखाली मऊ लागते, पडद्यांमधील अंतरे आटोक्यात येतात, लहान हाताच्या विद्यार्थिनीलाही पहिल्या चार पडद्यांवर बोटे पसरता येतात. तार थोडी ओढून स्वर चढविणेही येथे सुकर होते. सतारीच्या मिंडीशी त्याची तुलना करणे अतिशयोक्तीचे ठरेल, परंतु आंदोलित स्वराची सवय असलेल्या हाताला ही मोकळीक लगेच ओळखीची वाटते.

वर्ध्यासारख्या ठिकाणी, जेथे विद्यार्थी बहुधा हार्मोनियम किंवा तबल्याकडून गिटारीकडे वळतो, तेथे आणखी एक गोष्ट पहिल्याच बैठकीत लक्षात येते. बासच्या चार तारा एकमेकींपासून मध्यमाच्या अंतरावर लावलेल्या असतात. गायकाची पट्टी काळी एक असेल, तर तिसऱ्या तारेच्या चौथ्या पडद्यावर षड्ज मिळतो आणि त्याच पडद्यावर शेजारच्या जाड चौथ्या तारेवर त्या षड्जाखालचा पंचम मिळतो. तंबोऱ्याची अख्खी मूळ कल्पना दोन बोटांच्या अंतरात सापडते. पाश्चात्त्य पद्धतीच्या शिकवणी पुस्तकांत ही गोष्ट स्वरसंवादाच्या प्रकरणात येते. भजन गाणाऱ्या मुलाला ती प्रकरणाविना कळते.

कानाची साक्ष आणि श्रेयाची गल्लत

ध्वनिवर्धकाला न जोडता अर्धपोकळ बास छेडली की ती भरीव बासपेक्षा ठळक ऐकू येते, कुशीत थरथरते, आणि ऐकणारा मनोमन तिच्या बाजूने झुकतो. येथेच पहिल्या श्रवणाची फसगत होते. बासच्या सर्वांत खालच्या मोकळ्या तारेची कंपनसंख्या सेकंदाला सुमारे ४१ असते. त्या ध्वनीची तरंगलांबी हवेत आठ मीटरांहून अधिक भरते. पावणेदोन इंच जाडीचा लाकडी डबा एवढा दीर्घ तरंग हवेत जोमाने सोडू शकत नाही. त्यासाठी डबल बासचा अवाढव्य देह लागला होता. दुकानात ऐकू येते ते मुख्यतः त्या स्वराचे वरचे स्वयंभू स्वर. मूळ स्वर श्रोत्याचा मेंदू त्यांवरून पूर्ण करून घेतो.

ध्वनिवर्धकाला जोडल्यावर तर चित्र अधिकच बदलते. चुंबकीय पिकअप हवेचा नाद टिपत नाही. तो आपल्यावर हलणाऱ्या पोलादी तारेचे कंपन टिपतो. पोकळीत घुमणारा नाद त्याला थेट ऐकूच जात नाही. देहाचा प्रभाव पडतो तो आडवळणाने: घोडीतून तारेची किती ऊर्जा लाकडात झिरपते, त्यानुसार आघाताचा आकार आणि स्वराची आस बदलते. हा प्रभाव खरा आहे, पण मर्यादित आहे. आणि घोडी मधल्या भरीव कण्यावर बसली असेल तर आणखी मर्यादित होतो.

मग ज्याला विक्रेते ‘उबदार’ म्हणतात तो गोल, टोक नसलेला, किंचित झाकलेला नाद येतो कोठून? त्याचा बराचसा वाटा आखूड तारलांबीचा, म्हणजे सैल तारेचा आहे. दुसरा वाटा पिकअपच्या जागेचा: ‘ईबी-२’मध्ये तो दांडीच्या टोकाजवळ होता, जेथे तारेचे मूळ कंपन मोठ्या विस्ताराचे असते आणि वरचे स्वयंभू स्वर त्या मानाने क्षीण टिपले जातात. तिसरा वाटा तारांचा. या प्रकारच्या बासवर वर गुळगुळीत पट्टी गुंडाळलेल्या तारा चढविण्याची प्रथा आहे आणि त्या तारांत तेजाचा अंश मुळातच कमी असतो. पोकळी ही या तिघांच्या मागे, चौथ्या क्रमांकावर उभी आहे. याचा पडताळा घेणे अवघड नाही. जॅक कॅसेडी यांच्या नावाने एपिफोन कंपनीने १९९०च्या दशकाच्या उत्तरार्धात आणलेल्या बासचा देह ‘एफ’ छिद्रांचा व पोकळीचाच आहे, पण तारलांबी पूर्ण चौतीस इंच आहे. तिचा खालचा स्वर सैल न वाटता ताठ उभा राहतो. देह त्याच वळणाचा असूनही स्वभाव इतका बदलतो, यावरून श्रेयाची वाटणी नव्याने करावी लागते.

‘उबदार’ हा शब्दही येथे तपासावा लागतो. तो जाहिरातीतून आलेला, परभाषेतून उचललेला शब्द आहे. मराठीत ऊब गोधडीला असते, मायेला असते, स्वराला नसते. स्वरासाठी मराठीजवळ अधिक नेमके शब्द पूर्वीपासून आहेत. डग्ग्याला घुमारा असतो, तारेला आस असते, आवाजाला गोलाई किंवा धार असते, बोल दाणेदार असतो. अर्धपोकळ बासला गोलाई भरपूर, घुमारा मध्यम, आस भरीव बासपेक्षा बहुधा तोकडी आणि धार अल्प, असे म्हटले तर तबलावादकालाही ते वाद्य न ऐकता कळेल. ‘उबदार’ म्हटल्याने कोणालाच काही कळत नाही, फक्त विकत घ्यावेसे वाटते.

तंबोऱ्याशी तुलना करण्याचा मोह येथे होणे स्वाभाविक आहे, आणि ती तुलना उद्बोधकही आहे. पण ती साम्यापेक्षा भेदासाठी. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२०च्या सुमारास भारतीय तंतुवाद्यांचा अभ्यास करून दाखविले की तंबोऱ्याच्या रुंद, वक्र घोडीमुळे तारेतून स्वयंभू स्वरांची अशी विपुल मालिका निर्माण होते की जी साध्या सिद्धान्तानुसार तेथे असावयास नको. तंबोऱ्याचे वैभव वरच्या स्वयंभू स्वरांत आहे. जव सरकवून कारागीर आणि गायक तेच फुलवितात. अर्धपोकळ बासमध्ये नेमके तेच झाकले जातात. काळी एक पट्टीच्या पुरुषी तंबोऱ्याचा खर्ज सेकंदाला सुमारे ६९ कंपनांचा, म्हणजे बासच्या दुसऱ्या मोकळ्या तारेच्या (७३) जवळपासचा. दोन्ही वाद्ये एकाच प्रदेशात वावरतात. तंबोरा तेथून वर पाहतो, बास तेथून खाली. भोपळ्याच्या आठवणीने या गिटारीवर भाळणारा श्रोता म्हणूनच काही दिवसांनी निराश होतो.

वर्ध्याचा कान

आता त्या भेटीकडे वळावे, जी दुकानात होत नाही. वर्धा जिल्ह्यातील समूहसंगीताचा सर्वांत व्यापक आधार म्हणजे भजनमंडळ. राष्ट्रसंत तुकडोजी महाराज (१९०९–१९६८) यांचे १९३६ मध्ये सेवाग्रामला गांधीजींच्या सान्निध्यात वास्तव्य झाले होते, आणि त्यांच्या खंजिरी भजनाची परंपरा या परिसरातील गावोगावी आजही चालू आहे. जिल्ह्यातील महाविद्यालये ज्या नागपूर विद्यापीठाशी संलग्न आहेत, त्यालाही २००५ पासून त्यांचेच नाव आहे. खंजिरीचा नाद उंच, कोरडा, झांजांमुळे चमकणारा. तिच्या जोडीला हार्मोनियम मधला प्रदेश भरते आणि टाळ वरचा. खालचा प्रदेश एकट्या डग्ग्याच्या किंवा ढोलकीच्या धुमेच्या वाट्याला येतो.

विद्यार्थी मंडळी युवक महोत्सवासाठी याच पायावर समूहगान उभारतात आणि त्यात बास गिटार आणतात, तेव्हा खरा पेच निर्माण होतो. डग्गा हे स्वराचे वाद्यही आहे. मनगटाच्या दाबाने त्याचा घुमारा चढतो-उतरतो आणि भजनी ठेक्याचा सारा लळा त्या चढउतारात असतो. भरीव, लांब तारेची, नव्या कोऱ्या तारा चढविलेली बास तेथे दीर्घ आस धरून बसली की डग्ग्याची घसीट तिच्याखाली दडपते. मग तबलजी जोर लावतो, बासवादक आवाज वाढवितो आणि गाणाऱ्या मुलींचे शब्द दोहोंच्या मध्ये हरवतात. अर्धपोकळ बासची तोकडी आस, जी दुकानात उणीव म्हणून नोंदली जाते, ती येथे सौजन्य ठरते. स्वर उमटतो, आपले काम करतो आणि डग्ग्याला वाट करून देतो. या वाद्याचा सर्वांत मोठा गुण हाच असावा, आणि तो एकट्याने वाजविताना कधीही कळणार नाही.

हा गुण मान्य करताना दुसरी बाजू दडविता येत नाही. महाविद्यालयीन सभागृहातील सर्वसाधारण ध्वनिव्यवस्था भाषणासाठी बसविलेली असते. तिच्या कर्ण्यांतून ४१ कंपनांचा स्वर जवळजवळ बाहेरच पडत नाही. श्रोत्यांपर्यंत पोहोचतात ते त्याचे वरचे स्वयंभू स्वर. ज्या वाद्याने हे स्वर आधीच झाकले आहेत, ते अशा सभागृहात मागच्या रांगेपर्यंत जाणार कसे? वादकाला स्वतःच्या कुशीत नाद भरभरून जाणवतो आणि परीक्षकाला तो ऐकूच येत नाही. त्यावर उपाय म्हणून आवाज वाढविला, तर रंगमंचावरील ध्वनिक्षेपकासमोर पोकळ देह हुंकारू लागतो. लग्नाच्या वरातीतील धुमालच्या किंवा डीजेच्या आवाजावर ज्यांचा कान घडला आहे, त्या तरुण श्रोत्यांना हे वाद्य दुबळे वाटणे साहजिक आहे. त्यांचे मत चुकीचे म्हणता येत नाही; ते वेगळ्या प्रसंगाचे मत आहे.

पहिल्या श्रवणावर विसंबून दिलेल्या निर्णयांचा इतिहास या संदर्भात आठवतो. हार्मोनियमचे स्वर अचल, त्यात मींड नाही, म्हणून १९४० मध्ये आकाशवाणीने त्यावर बंदी घातली आणि ती सुमारे तीन दशके टिकली. आक्षेप तांत्रिकदृष्ट्या बरोबर होता. परंतु त्याच काळात गावोगावच्या भजनात हार्मोनियम गळ्याला धरून चालत होती, कारण तेथे तिला मींड कोणी मागितलीच नव्हती. सूर धरून ठेवण्याचे काम मागितले होते. वाद्याला काय मागावयाचे हे प्रसंग ठरवितो. पडद्यांच्या बासवरही उद्या हाच आक्षेप घेतला जाईल आणि तोही तितकाच बरोबर व तितकाच अप्रस्तुत असेल.

व्यवहाराच्या पातळीवर यातून निघणारी गोष्ट साधी आहे. ज्या समितीस हे वाद्य घ्यावयाचे आहे, तिने ते आधी एका संध्याकाळपुरते मागून आणावे आणि तालमीच्या खोलीत हार्मोनियम, खंजिरी व डग्ग्यासह ऐकावे. प्रथम चौथी जाड तार अजिबात न छेडता केवळ वरच्या तीन तारांवर षड्ज-पंचम धरण्यास सांगावे. सभागृहात जे पोहोचणार ते बहुतांशी एवढेच. वादकाने पट्टा लावून उभे राहूनच वाजवावे. आणि मत विचारावयाचे ते बासवादकाला न विचारता तबलजीला विचारावे.